शिंगाड्याच्या तलावात वेटसूट

सर्फिंग या प्रकाराबद्दल माझे मत तुम्हा दोघी नातींना ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. धडधाकट पायांचा माणूस फळीवर पालथा पडतो, हातांनी पाणी ओढत ओढत किनाऱ्यापासून लांब जातो, आणि समुद्र त्याला उचलून परत किनाऱ्यावर आणून टाकतो. म्हणजे जिथून निघाला तिथेच. मग तो पुन्हा पालथा पडतो. चौतीस वर्षे शाळेत शिकवले, वाया जाणाऱ्या मेहनतीचे पुष्कळ प्रकार पाहिले. पण ज्याला वेगळा पोशाख लागतो असा हा एकच.

तो पोशाख, थोरले, तू मागच्या डिसेंबरात बॅगेत घालून माझ्याकडे अड्याळला आणलास. इथून तुम्ही गोव्याकडे जाणार होतात. गोव्याचा समुद्र अंघोळीच्या पाण्याइतका कोमट असतो, तिथे रबराचा सूट घालणे म्हणजे मे महिन्यात रजई घेणे. हे तुला तुझ्या आईनेही सांगितले असते. शेवटी बॅगेचे वजन जास्त भरले तेव्हा अक्कल आली आणि "आजी, राहू दे इथे, पुढच्या वेळी नेते" म्हणून तू तो माझ्या कपाटात टांगून गेलीस. कपाट उघडले की साड्यांच्या रांगेत डोके नसलेला एक काळा माणूस उभा. ज्या वस्तूला काम नाही ती मला कपाटात आवडत नाही.

जाण्याआधी मी तुला विचारले होते, हे घातल्याने हात भराभर चालतात का? तू म्हणालीस, "नाही गं, उलट जड होतात." आणि माझ्या दिवाणावर पालथी पडून मला सगळे करून दाखवलेस. छाती उचललेली, एक हात पुढे, मग दुसरा. याला पॅडलिंग म्हणतात. तासभर समुद्रात राहिले तर लाटेवर उभे राहणे जेमतेम मिनिटभराचे. बाकी सगळा वेळ हे हात मारणेच. सुटाची बाही प्रत्येक वेळी ताणावी लागते. एकदा ताणली तर काही नाही, पाचशे वेळा ताणली की खांदे रडतात. म्हणून चांगला सूट छातीला जाड आणि बाह्यांना पातळ असतो. रबरात बारीक हवा भरलेली असते, त्याने अंग जरा वर तरंगते, तेवढीच मदत. सैल असला तर बाहीत पाणी भरते आणि प्रत्येक हाताबरोबर ते पाणीही उचलावे लागते.

"मग घालता कशाला?"

"थंडी गं आजी."

"थंडी वाजते तर पाण्यात जाऊ नये."

तू हसलीस. मी विनोद केलेला नव्हता.

आता या वर्षीची गोष्ट. माझ्याकडे दर हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे घेऊन येते ती बाई तुम्ही पाहिली आहे. ती सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती. आता पन्नाशीला आली, तरी दारातून "बाई" अशी हाक मारते ती वर्गातलीच. तिचे घर मासेमारांचे. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. गावाबाहेरच्या तलावात शिंगाड्याच्या वेलांचा एक वाटा तिच्या नावे आहे. वाटा म्हणजे पाण्यातला लांबट पट्टा, या टोकाला एक बांबू रोवलेला आणि त्या टोकाला एक. शेजारचा पट्टा तिच्या दिराचा.

त्या तलावाचा एक नियम आहे, आणि तो कोणत्याही कागदावर नाही. वाटा ज्याचा, तोडणी त्याच्याच हाताने. मजूर लावायचा नाही, भाचा पाठवायचा नाही. आठ-दहा दिवसांनी एक तोडणी येते. लागोपाठ दोन तोडण्या ज्याच्या चुकल्या त्याचा वाटा शेजारच्याकडे जातो. शिंगाडा वेळेत तोडला नाही तर काळा पडतो आणि बुडतो, त्यामुळे नियम क्रूर असला तरी मूर्ख नाही. माणसांबद्दल मला तेवढी खात्री देता येत नाही.

तोडायची पद्धत ऐका, म्हणजे पुढचे कळेल. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर बांधलेली बांबूची ताटी. ताटीवर छाती टेकून पालथे पडायचे, पाय पाण्यात सोडायचे आणि हातांनी पाणी ओढत वेलांमधून पुढे सरकायचे. थांबायचे, वेल उलटायचा, तोडायचे, पुन्हा ओढायचे. म्हणजे थोरले, तू ज्याला छंद म्हणतेस ते इथे पहाटेपासून चालते. फक्त शेवटी लाट येत नाही.

तिला दोन वर्षांपासून थंड पाणी सोसत नाही. अर्ध्या तासात बोटे पांढरी पडतात, छातीत घरघर सुरू होते. भंडाऱ्याच्या डॉक्टरने तपासले, फोटो काढला आणि सांगितले, थंड पाण्यात उतरू नका.

"बाई, मी त्याईले म्हटलं, मंग शिंगाडे का कपाटात लावू?" ती मला सांगत होती. एक तोडणी चुकली होती. दीर घरी येऊन "वैनी, तब्येत पाहा आता, मी पाहतो तलावाचं" म्हणून गेला होता. काळजी दाखवायची ही पद्धत मला ठाऊक आहे. दुसऱ्याची पेन्सिल हरवावी म्हणून वाट पाहणारी मुले माझ्या वर्गात दर वर्षी असत, आणि शोधायला सगळ्यांत पुढे तीच.

डॉक्टरचा सल्ला ऐकून मला राग आला. मग आठवले की हाच सल्ला मी तुला दिवाणावर दिला होता. मी उठले आणि कपाट उघडले.

"हे तं मानसाचं कातडं दिसून राहिलं, बाई."

"घाल."

"अन् चैन? मांगं का पुढं?"

मी सूट उलटसुलट पाहिला. आत कमरेजवळ एक पट्टी शिवलेली होती, तिच्यावर इंग्रजीत सहा ओळी. सहाही वाचल्या. थंड पाण्यात धुवा, पिळू नका, इस्त्री करू नका, सावलीत वाळवा. पुढची बाजू कोणती, हे एका शब्दाने नाही. तेव्हा मी विचार करून ठरवले: चेन पुढे. पाठीवरची चेन लावायला घरात दुसरे माणूस लागते, आणि ही एकटी राहते. कामाचा कपडा पुढूनच बंद होतो. सदरा पुढून, स्वेटर पुढून, रेनकोट पुढून. चेनीला हातभर लांब पट्टीचे शेपूट लोंबत होते. ते वेलांत अडकले असते. मी ते कात्रीने कापले आणि टोक सुटू नये म्हणून मेणबत्तीवर जाळून घेतले. काम नीटनेटके झाले होते, एवढे नोंदवते.

तू तिच्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून पायाशी दुमडावे लागले. गुडघ्यांच्या मागे जाड ठिगळे आली. मी म्हटले, त्या लोकांची बसायची पद्धत वेगळी असेल.

तोडणीच्या दिवशी मी घडीची खुर्ची घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेले. पाण्यावर धुके होते. ती शाल बाजूला ठेवून उभी राहिली तशा बाकीच्या बाया काम सोडून पाहू लागल्या.

"अगं माय! हे कोन वो?"

"म्हैस आली, म्हैस! बाजूले व्हा!"

"काय वो, शेपटी कोठी ठेवली?"

शेपटी माझ्या घरी कचऱ्याच्या डब्यात होती.

ती पाण्यात उतरली, ताटीवर पालथी झाली आणि पहिलाच हात पुढे टाकताना मला दिसले की काहीतरी चुकते आहे. हात पुढे जाई आणि कुणी मागून कोपर धरावे तसा मध्येच अडे. ती जोर करून तो पाण्यात घाली, मग दुसरा, तोही अडे. बाकीच्या बाया लांब हात टाकून सरकत होत्या. ही कुत्र्याने माती उकरावी तसे आखूड हात मारत होती. छातीवरची चेन ताटीला घासत होती. गळ्यापाशी बोट घालून ती पुन्हा पुन्हा रबर ओढे. थंडी वाजत नव्हती, हे खरे. पण खांद्यातून वाफ निघायची वेळ आली होती.

दीर बाजूच्या पट्ट्यातून निवांत पुढे गेला आणि जाता जाता म्हणाला, "वैनी, म्हैस पान्यात बसते, पोहत नाई!"

"मंग तू म्हशीच्या मांगं मांगं काहून फिरून राहिला? शेन उचलाले?"

बाया हसल्या, आणि मीही. पण तोंड चालले तरी हात चालेनात. पट्ट्याचा तिसरा हिस्सा झाला नाही तोच ती काठाला आली आणि ट्यूबला धरून उभी राहिली. दीर लगेच तिथल्या म्हाताऱ्या पंचाकडे गेला. पंच म्हणजे तलावाच्या भानगडी मिटवणारा एक सुरकुतलेला गृहस्थ; दात दोनच, पण दोन्ही कामाचे.

"दोन तोडन्या गेल्या, बाबा," दीर म्हणाला.

"पहिली गेली. आज ते हजर हाये," पंच म्हणाला. "पन आधीच सांगतो पोरी, हे तोडनी नाई झाली. येत्या वख्ती या बांबूपासून त्या बांबूपर्यंत, दिवस बुडाच्या आत. नाई तं मंग बोलाचं नाई."

घरी येऊन सूट काढायला गेलो तर तिचे हात कानापर्यंत जाईनात.

"बाई, तुमच्या नातीनं हे कोनाले माराले आनलं होतं?"

मला तेच वाटत होते. मी तुला व्हिडिओ कॉल लावला. तुझ्याकडे किती वाजले होते हे मी पाहिले नाही, याबद्दल दिलगीर आहे. तुमच्या या महागड्या कातड्यात माणसाला हात हलवता येत नाही, असली वस्तू करणाऱ्यांना आणि घालणाऱ्यांना काय म्हणावे, असे मी बरेच बोलले. तू म्हणालीस, "दाखव." तिने अंगावरचा सूट दाखवला. फोन हलू लागला. तू हसत होतीस.

"आजी, उलटा घातलाय! चेन पाठीवर असते!"

माझ्यावर हसलेले मला आवडत नाही. वर्गात कुणी हसले तर मी त्याला फळ्याजवळ उभे करत असे. पण तू सात समुद्रांपलीकडे होतीस, आणि तुझे बरोबर होते. तू समजावून सांगितलेस की पालथे पडून हात मारायचे असतात म्हणून छातीशी चेन नको. आणि खांद्याचे कापड मुळातच, हात पुढे उचललेले आहेत असे धरून बेतलेले असते. तसे घातले म्हणजे पुढे जाताना रबर कमी ताणते. उलटे घातले की तेच बेतणे हात मागे खेचते. म्हणजे ती बिचारी त्या दिवशी पाणी ओढतच नव्हती, सूट ओढत होती. गुडघ्यांची ठिगळे अर्थातच पुढची. आणि ते शेपूट? एकट्या माणसाला पाठीवरची चेन स्वतः ओढता यावी म्हणून.

"ते कुठाय, आजी?"

"कापले."



चौतीस वर्षे मी मुलांना सांगितले की कळत नसेल तर विचारा. सहा ओळींचे इंग्रजी वाचता आले म्हणून मला वाटले, मला कळते. आणि विचारायचे कुणाला, तर जिने अंगात घालून समुद्रात हजारदा हात मारले ती एका फोनवर होती. माझ्या शहाणपणापायी एका बाईचा वाटा जायची वेळ आली. याला जो शब्द मी इतरांसाठी वापरते तोच इथे वापरायला हवा: मूर्खपणा.

मग तुझ्याकडून राहिलेले ऐकून घेतले आणि वहीत उतरवले. घालताना मनगटापासून रबर चिमटीने वर सरकवत आणायचे, काखेत आणि खांद्यावर जरा सैल माया राहिली पाहिजे. हात आखूड आणि भराभर मारायचे नाहीत. लांब टाकायचे, सावकाश ओढायचे, बाहेर आला की ढिला सोडायचा. सूट घालून उघड्या हातासारखा वेग येणार नाही, तो आणायला जाऊ नये. पुढचे आठ दिवस ती रोज संध्याकाळी येऊन माझ्या दिवाणावर पालथी पडून हात मारत होती. चेनीला परकराची नाडी बांधली होती. शेजारीण साखर मागायला आली, दारातून पाहून साखर न घेता गेली.

पुढच्या तोडणीला बाया पहिल्यासारख्या हसल्या नाहीत. हात पुढे जात होता. अडत नव्हता, तरी मोकळाही नव्हता. प्रत्येक फेरीला जरासा ओढा लागत होता, तो मला पाळीवरूनही दिसे. ती तू सांगितल्याप्रमाणे सावकाश लांब हात टाकत होती. पण सावकाश ते सावकाशच. ऊन डोक्यावर आले तेव्हा बाकी सगळ्यांचे पट्टे संपले होते आणि तिचा अर्धा उरला होता.

पहाटेपासून पाण्यात असलेली माणसे एकेक बाहेर आली. ओठ निळे, बोटांना सुरकुत्या. त्यांनी तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाळ केला आणि सगळे त्याभोवती दाटीने बसले. दीर हात शेकत म्हणाला, "झालं आता. दुपारपर्यंतच जीव टिकते पान्यात. येते पाहा बाहेर."

मीही तेच धरून चालले होते. चष्मा पुसून मी तिची बोटे पाहत होते, पांढरी पडली की हाक मारायची म्हणून. ती पांढरी पडली नाहीत. ती थांबली, वेल उलटला, तोडले, टोपली ताटीवर सरकवली, पुन्हा लांब हात. सकाळी होता तोच वेग. ती कुडकुडत नव्हती. बाहेर यायचे तिला काही कारणच नव्हते.

तेव्हा मला हा पोशाख कळला. हातांना तो काही देत नाही, उलट घेतो. पण तो दिवस लांबवतो. वेगाने जिंकायचे असेल त्याने घालू नये. ज्याला नुसते टिकायचे आहे, त्याच्यासाठी आहे. ही गोष्ट तू मला दिवाणावर सांगितली होतीस, "थंडी गं" एवढ्या दोन शब्दांत, आणि मी त्यावर एक पोकळ वाक्य फेकले होते.

दीर जेवायला गेला, परत आला. ती पट्ट्यातच होती. तो पाळीवर येरझारा घालू लागला. पंच गुडघ्यांत डोके घालून झोपला होता, की तसे दाखवत होता. सूर्य झाडांच्या वर हातभर असताना तिने पलीकडच्या बांबूला हात लावला, आणि लावला तो सोडेना. मला वाटले काही झाले. काही झाले नव्हते, खांदे संपले होते. दोन बायांनी कमरेइतक्या पाण्यात जाऊन तिची ताटी ओढत आणली.

"बाबा, हे चालत नाई," दीर म्हणाला. "हाताची तोडनी पायजे. रबर घालून केली हे."

पंचाने मान वर केली. "शिंगाडे रबरानं तोडले का?"

"तसं नाई, पन..."

"अन् तू कायच्यावर तरंगून राहिला होता सकाळपासून? तुही ट्यूब का शेनाची हाये?"

जाळाभोवती जो हशा झाला त्यात दिराचे पुढचे बोलणे कुणी ऐकले नाही. मी मात्र ऐकले; तो म्हणाला, असा सूट कोठी भेटते. मी खुर्चीची घडी घातली.

तिला उभे करून नाडी ओढली, चेन उघडली, आणि केळ्याची साल काढावी तसा तो सूट काढला. आतून ती कोरडी नव्हती, पण गरम होती. छातीला कान लावून पाहण्याइतकी मी डॉक्टर नाही. पण घरघर ऐकू येत नव्हती.

"कसे आहेत खांदे?"

"खांदे नाईच राहिले, बाई. हात कोनाचे लावले तुमी मले?" मग जरा वेळाने, "तुमच्या नातीनं मांगितला तं?"

मी तिला सांगितले की माझ्या नातीकडे असे आणखी दोन आहेत. आहेत की नाही मला ठाऊक नाही, थोरले. नसले तर घे. तुझ्या हंगामाला अजून वेळ आहे, आणि तिच्या दोन तोडण्या बाकी आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा पाच. सूट आता तिच्या घरी आहे. ती तो थंड पाण्यात धुते, पिळत नाही, आणि पडवीत सावलीला चेन मागे करून टांगते. तलावाकडे जायचा रस्ता तिच्या पडवीवरूनच जातो. दीर जाता-येता थांबून पाहतो म्हणे. पाहू दे.